आधी सिग्नल, मग सप्लाय

मुश्ताकभाई,

काल तुमची शोकसभा झाली आणि मी त्यात मूग गिळून बसले.

सभा म्हणजे काय, आपल्या महाप्याच्या शेडमध्ये असेंब्लीची टेबलं भिंतीला सरकवून बसलेली वीस-बावीस माणसं. तुमचा फोटो पॅकिंगच्या खोक्यावर ठेवला होता, खोक्यावर पांढरी चादर. फोटोला हार घालायचा की नाही यावर आधी दहा मिनिटं खल झाला. कुणीतरी म्हणालं, त्यांच्यात चालत नाही. मग नुसती फुलं ठेवली. तुम्ही असतात तर म्हणाला असतात, "घाला ना, फोटोला कसला आलाय धर्म?" आणि वर चहा मागवला असता.

साहेब बोलले. खरं सांगते, चांगलं बोलले. डोळे पुसले त्यांनी. मग म्हणाले, "मुश्ताककडून एकदा फार मोठी चूक झाली होती. पण ती त्याने माझ्यासमोर उभं राहून कबूल केली. अशी माणसं आता मिळत नाहीत." सगळ्यांनी माना डोलावल्या. मुश्ताकभाई, मीसुद्धा डोलावली.

ती चूक तुमची नव्हती, माझी होती. हे जगात दोघांनाच माहीत होतं. त्यातले एक गेल्या शुक्रवारी गेले, एमआयडीसीच्या सुट्टीच्या दिवशी, जणू कामाचा दिवस बुडायला नको. आता हे एकटीने घेऊन बसणं मला जमत नाहीये. म्हणून आज सात वाजताच शेड उघडायला लावली आणि टेस्टिंगच्या टेबलावर बसून हे लिहितेय. अक्षर वाकडंतिकडं येतंय, उजव्या हाताच्या बोटाला पट्टी आहे. कशाची ते पुढे सांगते. साडेआठला माणसं येतील, नऊला साहेब आणि दहाला टेम्पो. त्याच्या आत मला ठरवायचंय, हा कागद नोटीस बोर्डावर लावायचा की फाडून टाकायचा.

लावलाच, तर पॅकिंगच्या बायकांनाही कळला पाहिजे, म्हणून पहिल्यापासून लिहिते. तुम्हीच म्हणायचात, जे पॅकिंगवालीला समजावता येत नाही, ते इंजिनियरला स्वतःलाच कळलेलं नसतं.

तर बायांनो, आपण जी पॅनेलं खोक्यात भरतो, ती रसायनांच्या कारखान्यात बसतात. तिथे माल शिजवायची मोठाली बंद भांडी असतात, त्यांना रिॲक्टर म्हणतात. एक पॅनेल अशा आठ भांड्यांच्या तापमानावर नजर ठेवतं. आत एक छोटी चिप असते, आठ दारांची. एका वेळी एकच दार उघडतं, त्या भांड्याचा सिग्नल आत येतो, आकडा दिसतो, मग पुढचं दार. एखादा आकडा हद्दीबाहेर गेला की भोंगा वाजतो. भोंगा वाजला नाही, तर माणसं निर्धास्त खाली उभी असतात. म्हणून ती चिप धड राहिली पाहिजे, एवढंच आपलं काम.

आणि मुश्ताकभाई, तुमचं एकच तुणतुणं असायचं. "ताई, पॅनेल बंद असताना बाहेरून सिग्नल येत राहिला तर काय?"

मी म्हणायचे, "कशाला येईल?"

"का नाय येनार? भांड्यांवरच्या सेन्सरची लाइन वेगळी. ती बॅटरीवर चालते. पॅनेलची वीज गेली तरी ती चालूच."

मग तुम्ही तुमच्या गावच्या बांधाची गोष्ट काढायचात. रेवदंड्याकडे तुमची खाजणातली जमीन, खाडीचं पाणी अडवायला मातीचा बांध आणि त्याला लाकडी दार. "भरती दारातून कवा येत नाय, ताई. दार तर आमी बंद करतोच. ती येते खेकड्याच्या बिळातून. बोटभर बीळ. पण तेवढ्यावाटे बांध आतून भिजतो, आणि एक दिवस खांड जाते, बांध फुटतो." चिपचंही तसंच. तिला स्वतःची वीज नसली की सिग्नल दारातून येत नाही, बाजूच्या चोरवाटेने आत शिरतो आणि उलटा तिच्या सप्लायमध्ये, म्हणजे विजेच्या वाटेत, घुसतो. चिप अर्धवट जागी होते. त्यात वीज आली की ती आतल्या आत अडकते, तापते, आणि मग कुठलं दार उघडं, कुठलं बंद, तिचं तिलाच कळत नाही.

यावर तुम्ही उपाय काढला होता तोही केवढुसा. सप्लायच्या दोन पायांत एकेक डायोड, म्हणजे वीज एकाच दिशेने जाईल, उलटी फिरणार नाही. आणि दर दाराच्या वाटेत एकेक छोटा रेझिस्टर, म्हणजे आलाच लोंढा तर बारीक होईल. ड्रॉइंगमध्ये काढलंत, पहिल्या बोर्डावर स्वतःच्या हाताने बसवलंत, आणि बोर्ड तपासायला माझ्या टेबलावर आला.

माझ्या टेबलाची शिस्त तुम्हाला ठाऊक. मी मिरजेची, वडील रेल्वेत, घरात जेवायच्या ताटालासुद्धा टाइमटेबल. भिंतीवर मी लाल रंगात लिहून घेतलं होतं: सुरू करताना सप्लाय आधी, सिग्नल नंतर. बंद करताना सिग्नल आधी, सप्लाय नंतर. आठ वर्षांत माझ्या टेबलावर एकही चिप जळली नाही, याचा मला कोण तोरा! तुम्ही भिंतीकडे बघून म्हणालात, "ताई, तुमच्या शिस्तीपायी रोग दिसतच नाय. पेशंट डॉक्टरसमोर आला की ताठ उभा राहतो, तसं."

मला झोंबलं ते. आणि तुमचा बोर्ड अचूकतेच्या चाचणीत नापास झाला. डायोडमुळे चिपला थोडी कमी वीज मिळत होती, आणि वरच्या टोकाचे आकडे हलत होते. तुमचं म्हणणं, ट्रान्सफॉर्मर बदलू, सप्लाय जरा वाढवू, दोन आठवडे द्या. माल आठ दिवसांत जायचा होता. टेबलाच्या दोन बाजूंना उभं राहून आपण असे भांडलो की असेंब्लीच्या मुलींनी सोल्डरिंग थांबवलं. कशावरून, ते त्यांना कळलं नाही.

"तेवढी एक टेस्ट तरी कागदात टाका," तुम्ही म्हणालात. "आधी सिग्नल, मग सप्लाय. पाच मिनिटं लागतील."

"कोण शहाणा पॅनेल बंद ठेवून सिग्नल देतो हो?"

"जग तुमच्या टेबलासारखं चालत नाय, ताई!"

"मग जगाला शिस्त लावा!"

हे मी बोलले. हेच शब्द. आणि एका चिठ्ठीवर लिहिलं: दोन्ही डायोड व सर्व रेझिस्टर काढून जागी जंपर टाकावेत. म्हणजे नुसत्या तारा. खाली सही, सुनंदा. चिठ्ठी फाइलला लावली, बोर्ड पास केले आणि माल गेला. तुम्ही चार दिवस बोलला नाहीत. पाचव्या दिवशी डब्यातून सांदणं आणलीत आणि न बोलताच माझ्यापुढे सरकवलीत.

मग खंडेनवमी आली, पाच वर्षांपूर्वीची.

तो माल जिथे गेला, त्या कारखान्याने आपल्याला पूजेला बोलावलं होतं, ठाणे-बेलापूर रस्त्यावरच्या त्या. मी सातव्या महिन्यात होते, तरी हट्टाने आले. कंट्रोल रूममध्ये आपलं पॅनेल काय दिसत होतं! पुसून लख्ख, हळदकुंकू, झेंडूची माळ, पुढे नारळ. ऑपरेटर म्हात्रे, दिवाळे गावचा, नवा शर्ट घालून उभा. त्याने कौतुकाने सांगितलं, "सकाल धरून बंद ठेवलंय. चालू यंत्राची पूजा करीत नाय आमी."

तुमचा चेहरा मी पाहिला.

"आणि वरच्या सेन्सरची लाइन?" तुम्ही विचारलंत.

"ती कशी बंद करनार? वर माल शिजतोय ना! दोन मानसं ठेवलीत वर, काट्याचं मीटर बघाया."

म्हणजे तीन तास. तीन तास पॅनेल मेलेलं आणि आठही वाटांनी सिग्नल आत. मुश्ताकभाई, माझ्या शिस्तीला हे सुचलंच नव्हतं. यंत्राला आपल्याकडे बंद करून, आंघोळ घालून, हार घालतात, हे मी लहानपणापासून बघत आले. घरच्या शिलाई मशीनचीसुद्धा अशीच पूजा व्हायची. पण पास-नापास लिहिताना ते काही डोक्यात आलं नाही.

तुम्ही ओरडलात, "थांबा! आधी मागचे कनेक्टर काढा!" पण आरती संपली होती, टाळ्या वाजत होत्या, आणि त्यांच्या मॅनेजरांनी हसत हसत बटण दाबलं होतं.

पॅनेल सुरू झालं. आकडे आले. बासष्ट. बासष्ट. बासष्ट. भोंगा नाही, काही नाही. सगळ्यांनी पुन्हा टाळ्या वाजवल्या. म्हात्रेने वरच्या दोघांना हाक मारली, "या रं खाली, पेढे घ्यायला!" आणि ती पोरं धडधडत खाली आली.

तुम्ही पॅनेलसमोरून हलत नव्हतात. आठ आकडे, एकेक करून फिरणारे. "ताई," तुम्ही हळूच म्हणालात, "आठ भांड्यांचं तापमान एकसारखं कसं?"

मला कळलं होतं. चिप पहिल्या दारातच अडकली होती, आठही वेळा तेच भांडं दाखवत होती. बाकीच्या सातांत काय चाललंय, ते त्या खोलीत कुणालाही दिसत नव्हतं. आणि बघायला ठेवलेली माणसं खाली पेढा खात होती.

तुम्ही पळालात. बूट निसटला तो तसाच टाकून, लोखंडी जिन्यावरून वर. मी खाली उभी, हात पोटावर. वरून तुमचा आवाज आला, "तीन नंबर! तीन नंबरची वाफ बंद करा! पाणी सोडा, पाणी!" म्हात्रेने पेढा फेकला आणि व्हॉल्व्ह गच्च आवळला. तीन नंबरच्या भांड्यावरची झडप शिट्टी मारायला लागली, आधी बारीक, मग कान फाटतील अशी. सगळे दाराकडे धावले. मला कुणीतरी दंडाला धरून बाहेर ओढलं. तुम्ही मात्र वरच होतात, काट्याकडे बघत एकेक आकडा ओरडून सांगत. किती वेळ गेला देव जाणे. मग तुमचे आकडे उतरायला लागले. शिट्टी बारीक झाली, थांबली. तुम्ही खाली आलात ते एका पायात बूट, दुसरा मोजा भाजून काळा. पहिलं काय विचारलंत? "ताई, तुमी ठीक हायत ना?"

दुसऱ्या दिवशी साहेबांची केबिन. मी फाइल घेऊन बसले होते. मी आतल्या आत वाक्य जुळवत होते, बोर्ड मी पास केला, डायोड मी काढायला लावले. साहेबांनी विचारलं, "हे झालं कसं?" आणि माझ्या आधी तुम्ही म्हणालात, "डिझाइन माझं होतं, सर. माझ्याकडून राहिलं."

साहेबांनी फाइल चाळली. पुन्हा चाळली. चिठ्ठी फाइलमध्ये नव्हतीच.

संध्याकाळी मी माझ्या टेस्टिंगच्या मीटरचं कव्हर उघडलं, तर आत घडी करून ठेवलेली माझी चिठ्ठी. सोबत एक अक्षर नाही. मी असेंब्लीत धावत आले, तर तुम्ही तुमचं टेबल आवरत होतात. तुम्हाला डिझाइनमधून काढून सर्व्हिसला टाकलं होतं. मी म्हणाले, "मुश्ताकभाई, हे बरोबर नाही." तुम्ही म्हणालात, "ताई, तुमचे आता भांडायचे दिवस नायत. पोराला सुखरूप येऊ द्या आधी. चहा गार होतोय."

आज मी भांडणार आहे तुमच्याशी. तुम्ही मला विचारलंत का हो? कुणी सांगितलं होतं तुम्हाला, की ही बाई खरं बोलून तग धरणार नाही? मी घाबरले होते, हे खरं. पण तुम्ही अर्धं मिनिट थांबला असतात तर कदाचित बोलले असते. कदाचित नसतेही. ते अर्धं मिनिट माझं होतं आणि ते तुम्ही परस्पर खर्चून टाकलंत. उपकार केलेत ते कबूल, पण त्या उपकाराखाली मी पाच वर्षं मान खाली घालून वावरले. तुम्ही उन्हातान्हात स्कूटरवर कारखाने फिरलात, एकेका जुन्या पॅनेलमध्ये तुमचे डायोड पुन्हा बसवलेत, ट्रान्सफॉर्मर बदललेत. आणि मी टेस्टिंगची हेड झाले! दर वेळी तुम्ही या टेबलाशी यायचात, नव्या बोर्डाच्या चिपवर बोट ठेवायचात आणि विचारायचात, "गरम का गार, ताई?" मी म्हणायचे, "गार." गार असणारच. मी सप्लाय आधी देत होते ना!

तुमची ती टेस्ट मी कागदात कधीच टाकली नाही, मुश्ताकभाई. टाकली असती तर कुणीतरी विचारलं असतं, ही आधी का नव्हती? चोराच्या मनात चांदणं, दुसरं काय.

परवा भाभींना भेटायला गेले होते. दारात चपलांचा ढीग, आत बायका पढत बसलेल्या. भाभींनी माझा हात धरला आणि म्हणाल्या, "तुमीच का त्या ताई? ते सांगायचे, हापिसात सगळे हो ला हो करतात, भांडनारं मानूस एकच हाय." मला रडू फुटलं. त्यांना वाटलं, तुमच्यासाठी रडतेय. तुमच्यासाठी होतंच, पण तेवढंच नव्हतं.

आता बोटाचं सांगते.

आज दहाला जो टेम्पो येणार आहे, त्यात नव्या मॉडेलची बारा पॅनेलं जायची आहेत, पुन्हा रिॲक्टरवालेच. काल सभेनंतर मी ड्रॉइंग उघडलं. तुमचे डायोड नाहीत. रेझिस्टर नाहीत. नव्या डिझायनरला काय बोलणार? त्याला सांगितलंय कुणी? तुम्ही तोंड मिटलंत माझ्यासाठी, मी मिटलं माझ्यासाठी, आणि त्याला कागदात ती ओळ कुठे सापडलीच नाही. चाचणीच्या कागदावर सगळीकडे पास, खाली माझ्या सहीची जागा रिकामी. दसऱ्याला वीस दिवस राहिलेत. ती बाराच्या बारा पॅनेलं कुणीतरी बंद करून, पुसून, त्यांना माळ घालणार आहे.

म्हणून आज सातला आले. एक पॅनेल टेबलावर घेतलं. भिंतीवरच्या लाल अक्षरांकडे पाठ केली. पॅनेल बंद ठेवलं आणि आठही वाटांना सिग्नल दिला. तेरा वर्षांची सवय मोडताना पाप केल्यासारखं वाटत होतं. पाच मिनिटं म्हणाला होतात, मी दहा थांबले. मग बटण दाबलं.

आकडे आले. एकतीस. एकतीस. एकतीस. मी आठ वाटांना आठ वेगळे आकडे दिले होते.

झाकण काढलं आणि तुमच्यासारखं बोट चिपवर ठेवलं. तुम्ही पटकन उचलायचात, मी नाही उचललं. मला खात्री करायची होती म्हणा, की शिक्षा घ्यायची होती, ठाऊक नाही. फोड चांगला टपोरा आलाय.

गरम होती, मुश्ताकभाई. पाच वर्षं तुम्ही विचारत होतात आणि मी खोटं सांगत होते. गरम होती.

बारा पॅनेलांवर मी लाल पट्टी चिकटवलीय: नापास, पाठवू नये. चाचणीच्या कागदावर सगळ्यात वर नवी ओळ लिहिलीय, तुमच्याच शब्दांत: आधी सिग्नल, मग सप्लाय. साहेब आल्या आल्या विचारतील, हे काय नवीन काढलंस, आणि ही टेस्ट आजवर का नव्हती? त्याचं उत्तर माझ्या रेझिस्टरच्या डब्यात आहे, सगळ्यात खालच्या खणात. पाच वर्षांत घडीवर चिरा पडल्यात, पण माझी सही स्पष्ट वाचता येते. नोकरी राहील की जाईल, माहीत नाही. काल सभेत ज्यांनी माना डोलावल्या, त्यांना आज माझ्याकडे बघावं लागेल, त्याचीच जास्त भीती वाटतेय.

फाटकाशी गाडी वाजली. साहेब आज लवकर आलेत. तुमचा फोटो अजून खोक्यावरच आहे, तो मी नोटीस बोर्डाशेजारच्या खिळ्याला अडकवते. हा कागद त्याच्या बाजूला, आणि कागदाखाली ती चिठ्ठी, चारी कोपऱ्यांना पिना मारून. या वेळी ती गुपचूप काढून घ्यायला तुम्ही नाही आहात.

सुनंदा